तिसऱ्या रकान्यातला शब्द

आधीच सांगते, भूतखेत, अंगात येणं, इशारे मिळणं... मी यातलं काही मानत नव्हते. ज्या गावात दिवसरात्र दारावरून तिरड्या जातात, तिथं बाईनं कशाकशाला घाबरायचं? मी तिसरीपर्यंत शिकलेली. हे भाची लिहून घेते आहे, बोलणं माझं.

नव्वद सालानंतरची गोष्ट. आम्ही काशीला ब्रह्माघाटावर राहायचो. गल्लीच्या अगदी खालच्या टोकाला, तळमजल्यावर एक खोली. आमचे हे रेल्वेत, तिकिटाच्या खिडकीवर होते. रिटायर झाले आणि त्याच वर्षी अर्धांग झालं. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डावा हात तेवढा चालायचा. मी विचारायचं आणि त्यांनी माझा हात दाबायचा. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. चार वर्षं आमचं बोलणं म्हणजे तेवढंच. मूलबाळ नाही.

देह थोराड. मी कुशीवर वळवायची, पण उचलणं एकटीच्यानं होत नसे. सकाळी अर्धा तास गंगेवर जायची, तेही बाहेरून कडी घालून, नाहीतर माकडं आत शिरतात. परत येईपर्यंत जीव त्या कडीत. मंगळागौरीचं देऊळ हाकेच्या अंतरावर, चार वर्षांत पाय लागला नाही. नागपूरला बहिणीच्या मुलीचं लग्न झालं, पत्रिका उशाशी ठेवून दिली. रडत नाही, होतं तसं सांगते.

वरच्या मजल्यावर सुनंदा भाड्यानं राहायची. अमरावतीची पोर, युनिवर्सिटीत नदीच्या पाण्यावर काहीतरी शिकत होती. मला म्हणाली, "काकू, तुम्ही रोज घाटावर जाता, तर कोरड्या पायऱ्या किती उरल्या तेवढं मोजाल? आणि त्या दिवशीचा एक शब्द लिहा... पाऊस, वारा, काहीही."

वही दिली. तारीख, पायऱ्या, शब्द. ती ते कंप्युटरमधे इंग्रजी अक्षरांत घालायची आणि कागद छापून आणायची. आडव्या रेघेवर तारखा, उभ्या रेघेवर पायऱ्या, मधे ठिपके. आणि प्रत्येक ठिपक्याच्या डोक्यावर माझा शब्द!

"हा कसा गं बसतो तिथं?"

"फाईलमधे तीन रकाने असतात, काकू. पहिल्या दोनांतून ठिपका कुठं ते कळतं, तिसऱ्यातला शब्द उचलून तो वर ठेवतो."

एकदा मी लिहिलं, 'पाऊस नाही'. कागदावर आलं नुसतं 'पाऊस'. कडक उन्हाचा दिवस, तिचे सर तिच्यावर उखडले. तेव्हा कळलं, मधे जागा सुटली की मशीनला वाटतं रकाना संपला. पुढचं सगळं गळतं. सुनंदा हसून लोळली. "काकू, एकच शब्द. दोन लिहिलेत तर दुसरा गंगार्पण!"

घरी आले की मी यांना पायऱ्या सांगायची. आजारापूर्वी रोज स्नानाला जाताना तेच मोजायचे ना. मग गमतीनं विचारायची, "आज काय लिहू हो?" ते बघत राहायचे. मीच काहीतरी लिहायची.

त्या वर्षी श्रावणाच्या अखेरीला बाढ आली, गंगेचा पूर. पाणी चढलं, मग उतरायला लागलं. नऊ पायऱ्या कोरड्या, अकरा, चौदा. लोक चिखल धुऊ लागले. शनिवारी सकाळी मी विचारलं, "आज काय लिहू हो?" नेहमीसारखे बघत राहिले, जरा जास्त वेळ. मी लिहिलं, 'ऊन'.

सुनंदा वही घेऊन गेली ती दुपारी कागद घेऊन आली. दारातच उभी.

"काकू, तुम्ही मला काही वेगळं लिहून दिलं होतं का?"

"ऊन. का?"

"वहीत ऊन आहे. फाईलमधेही ऊन आहे, मी तीनदा पाहिलं. पुसून पुन्हा घातलं, पुन्हा छापलं. तरी शेवटच्या ठिपक्यावर हेच येतंय."

"काय येतंय?"

"तू नीघ."

मला इंग्रजी अक्षरं येत नाहीत. तिनं बोट ठेवून दाखवलं.

"आणि काकू, दोन शब्द तो छापूच शकत नाही हो..."

मी बाजेकडे पाहिलं. ते जागे होते. लग्नापासून मला 'तू' म्हणणारं माणूस एकच. मी जाऊन त्यांचा हात धरला.

"तुम्ही म्हणालात?"

एकदा दाबला.

"मी निघू?"

एकदा.

"आणि तुम्ही?"

हात सोडून दिला. तोंड भिंतीकडे केलं.

सुनंदा रडायला लागली. मला मात्र राग आला. चार वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, "कुठं निघू हो? निघायचं तर दोघं. काय येतंय ते मला माहीत नाही, पण या खोलीत मी तुम्हाला ठेवत नाही."

सुनंदा म्हणाली, "माझ्या खोलीत आणा, काकू."

रविवारी सकाळी लल्लन नाववाल्याला हाक मारली. तो म्हणाला, "पानी त घटत हौ, काकी. अब का डर?"

"तू उचल. सगळ्यांना पुरणपोळी घालीन."

लल्लनसकट चौघांनी चादरीत घालून त्यांना अरुंद जिन्यावरून वर नेलं. घरमालक मिसिरजी वरून बघत होते. "का काकी, अब कंप्यूटर पंचांग भी देखने लगा?" सगळे हसले. मीही हसले. हे डोळे मिटून पडले होते.

सोमवारी दुपारी पाणी आलं. वरच्या कुठल्यातरी धरणातून सोडलं म्हणे. घाटावरून नाही, मागून नाल्यातून फिरून आलं आणि गल्ली भरली. वीस वर्षांत पाण्यानं उंबरा ओलांडला नव्हता, तासाभरात देवाच्या कोनाड्यापर्यंत गेलं. आमचं दार बाहेर उघडायचं. पाण्याच्या दाबानं घट्ट बसलं, ते पुढं पाणी ओसरल्यावर लल्लननं सब्बलनं, पहारीनं फोडलं. बाज तरंगून दाराला आडवी अडकली होती. मी त्या बाजेकडे बघत राहिले. हे खाली असते तर मी त्यांना सोडून गेले नसते, हे मला माहीत होतं. त्यांनाही.

सोळा दिवस आम्ही तिघं त्या वरच्या खोलीत. नावेतून खिडकीत सत्तू यायचा. खाली पाणी, वर माकडं.

बाढ उतरल्यावर सुनंदानं तीच फाईल पुन्हा छापली. ठिपक्यावर 'ऊन'. चारदा छापली, चारदा ऊन. सर म्हणाले, प्रिंटरमधे जुनं काही अडकलं असेल. तिनं विचारलं, जुनं कुठलं? हे कुणी कधी लिहिलंच नव्हतं. पुढं ती शिकून गेली. तो कागद माझ्याकडे आहे, शाई उडत चालली आहे. ते दोन शब्द तिथं कसे आले ते तिला, सरांना, मला, कुणाला आजवर सांगता आलेलं नाही.

हे पुढं दोन वर्षं जगले. लोक म्हणतात, नवऱ्यानं वाचवलं तुला. मी हो म्हणते.

पण कागदावर पाण्याचं नाव नव्हतं. नुसतं 'तू नीघ'. पाण्यातून नीघ, की मला सोडून नीघ? दोन वर्षं रोज त्यांचा हात माझ्या हातात होता. एकदा की दोनदा, एवढंच विचारायचं होतं.

मी विचारलं नाही.