पेजरसाठी राखून ठेवलेला चॅनल

"जरा गप ऱ्हावा. दिग्गी बोलतंया," असं म्हणत तो डाव्या हाताचा पंजा वर करायचा. मग खोलीत रेंजर असो की ठेकेदार, सगळे गप बसायचे.

तो कर्नाटक-गोवा हद्दीजवळच्या रामनगरला जंगल खात्याच्या वायरलेसवर ऑपरेटर होता. नव्वदच्या दशकात त्या बाजूने गेला असाल, तर उंच खांब आणि त्याखालची कौलारू खोली तुम्हीही पाहिली असेल. मी एका दैनिकाचा वार्ताहर. बातमीसाठी सकाळी तिथे बसायचो.

सात वाजता गुंद, दिग्गी, कुळगी इथल्या चौक्या हजेरी द्यायच्या. वणवा, चोरटी तोड, हत्ती. ते संपलं की तो म्हणायचा, "आता दोन मिनटं गावाची." ही दोन मिनिटं कुठल्याही नियमात नव्हती. कुणाची लेक बाळंत झाली, कुणाला साप चावला, कुणाचा चुलता वारला, सगळं त्यात यायचं. दिग्गीला टेलिफोन नव्हता. तो निरोप लिहून घ्यायचा आणि सायकलवरून पोचवायचा.

मग पेजर आले, कमरेला लावायची, निरोपाची अक्षरं दाखवणारी छोटी यंत्रं. गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्रात एकाच नंबरवर चालेल अशा सेवेसाठी काही चॅनल राखून ठेवायचं वर ठरलं. त्यात रामनगरच्या वायरलेसचाही होता. मी प्रसिद्धीपत्रक जसंच्या तसं छापायला पाठवलं. मथळा कौतुकाचा होता, आणि तो माझाच होता.

शहरातून एक अधिकारी आला. कमरेला पेजर.

"हा चॅनल आजपासून रिकामा ठेवायचा."

"कुणासाठी?"

"पेजरसाठी."

"हितं हायत का पेजर?"

"येतील."

"म्हंजे येणाऱ्या पाव्हण्यासाठी खाट मोकळी, आन घरचा आजारी भुईवर. बरं. सायेब, तुमचा तो वाजतो का हितं?"

अधिकाऱ्याने पेजरकडे पाहिलं आणि कागद पुढे सरकवला.

त्या जुन्या सेटमध्ये चॅनल बदलायचा तर आतला क्रिस्टल बदलावा लागे. रामनगरचा बदलला. चौक्यांचे नवे क्रिस्टल चार महिने आले नाहीत. चौक्या जुन्या चॅनलवर बोलत राहिल्या, ऐकायला कोणी उरलं नाही. हजेरीच्या वहीत मात्र रोज 'सर्व ठीक' लिहायचा हुकूम होता. ते त्यालाच लिहावं लागे.

श्रावणात दिग्गीची एक बाई अडली. गार्ड सकाळपासून दुपारपर्यंत सेटवर हाका मारत होता. शेवटी घोंगडीच्या झोळीतून तिला सडकेकडे आणलं. ती वाटेतच गेली.

गार्डने रामनगरला येऊन त्याला विचारलं, "अण्णा, ऐकू येत न्हवतं व्हय?"

तो उठला. भंगारातल्या सेटमधून जुना क्रिस्टल काढून त्याने आपल्या सेटमध्ये बसवला. दुसऱ्या दिवशी सात वाजता दिग्गीला उत्तर मिळालं.

दीड महिना हे चाललं. मग कुणी तरी तक्रार केली. क्रिस्टल चार महिन्यांत आले नव्हते. चॅनलवर पाळत ठेवणारी गाडी तिसऱ्या दिवशी आली.

चौकशीच्या खोलीत मी होतो. पाळतीच्या गाडीत भरलेली टेप लावली.

"अण्णा, पोरीचा ताप उतरत न्हाई. फिट येतीया."

"सडकेवर आणा. जीप निघालीया."

चौकशी अधिकाऱ्याने टेप थांबवली. "हा आवाज तुमचा?"

"व्हय."

"चॅनल राखीव आहे हे माहीत होतं?"

"व्हय."

"तसं लिहून द्या."

त्याने लिहिलं. मग मान वर करून विचारलं, "त्या पोरीचं काय झालं, ते लिहू का?"

"त्याची गरज नाही."

चहा आला. सगळ्यांनी घेतला, मीही घेतला. त्या चहाची किळस अजून गेलेली नाही.

त्याची बदली दूरच्या लाकूड डेपोत झाली, ओंडक्यांवर नंबर टाकायच्या कामाला. नंतर तो मला कधी दिसला नाही. पेजर शहरांतूनही गेले, तोवर तो चॅनल राखीवच होता. आमच्या भागात त्यावर कुणाला एक अक्षर आलं नाही.

मुलगी जगली. चौकशीच्या बातमीत मी ते शेवटचं वाक्य म्हणून लिहिलं होतं. जागा कमी पडली, म्हणून ते गाळलं गेलं.