मोटारीला घरचं तेल

मकदूम ड्रायव्हरला आयुष्यात एकच गोष्ट खात्रीने ठाऊक होती. मोटारीचं तेल बदलताना आधी वरचं, भरायचं झाकण सुटतं का ते बघावं, मगच खालचं उघडावं. वरचं गंजून बसलेलं निघालं तर मोटार रिकामी, आणि माणूस तिच्याकडे बघत बसलेला. एवढ्या शहाणपणावर त्याने मिळवलं काय? सिद्धलिंगप्पाच्या गोदामामागची एक खोली, तीत बायको जमीला, आणि चौदा वर्षं ‘व्हय मालक’ म्हणायची सवय.

सिद्धलिंगप्पा तेलाचा व्यापारी. दोन घाणे, गळ्यात लिंग आणि पेठेतली पहिली मोटार. ती तो मुख्यतः उभी करण्यासाठी वापरी. संध्याकाळी तिच्या पायरीवर बसून पान खायचं आणि येणारेजाणारे बघताहेत की नाही ते बघायचं, हा त्याचा मोटारप्रवास.

त्या फाल्गुनात मकदूमने मोटार बाळे गावापर्यंत फिरवून तेल गरम करून आणलं, तिला फळ्यांवर चढवलं आणि अंगणातच गिअरपेटीचं आणि मागच्या दोन चाकांमधल्या लोखंडी गोळ्याचं तेल परातीत उतरवलं. काळं, जळकं. नवा डबा मुंबईहून आला होता. तो उघडला तशी मालकाची बायको महादेवी ओट्यावरून नाकाला पदर लावून म्हणाली, “चरबी हाय त्यात. वास बघा की!”

सिद्धलिंगप्पाला धर्म आठवला. चैत्रात मोहोळहून मठाच्या स्वामींना याच मोटारीतून घरी आणायचं होतं.

“टाक तो डबा बाहेर. आपलं करडईचं घाल. घरच्या मोटारीला घरचं तेल.”

“चरबी असली तरी गिअर खातंय मालक, तुमी न्हाय.”

“तोंड लई सुटलंय तुझं.”

“करडईचं तापून तापून चिकट रोगण हुतंय. मोटेच्या चामड्याला लावत्यात त्ये. तुमीच इकताय की.”

हे सिद्धलिंगप्पाला ठाऊक होतं. म्हणूनच तो चिडला. “खोली पायजे का न्हाय तुला?”

मकदूमने करडईचं तेल भरलं. भोकात करंगळी घालून पातळी बघितली, झाकण आवळलं, वरून फडकंही फिरवलं. चुकीचं काम इतक्या नीटपणे करणारा माणूस पाहिला की राग नेमका कुणाचा करावा ते कळत नाही.

महिनाभर मोटार चालली. सिद्धलिंगप्पा भेटेल त्याला सांगे, “विलायतवाल्यांना अक्कल न्हाय.”

चैत्रातल्या भर उन्हात स्वामींना घेऊन मोहोळ सोडलं. वाटेत कोंडी गावापाशी मागचा गोळा विव्हळू लागला, गिअर बदलेना, मोटार थांबली. स्वामींनी काही विचारण्याआधीच सिद्धलिंगप्पा हात जोडून म्हणाला, “ह्यानंच कायतरी केलं, स्वामी. चोरून चरबीचं तेल घातलं असंल. जातच तसली.”

मकदूमने खोली गमावण्याच्या भीतीने आजवर पुष्कळ ऐकून घेतलं होतं. आता तो पाना घेऊन मोटारीखाली शिरला आणि गोळ्याचं खालचं झाकण काढलं. थेंब पडेना. भोकातून पिवळी, चिकट तार लोंबली. ती बोटावर घेऊन तो बाहेर आला. कडब्याची बैलगाडी थांबवून येडू नावाचा शेतकरी तमाशा बघत होता. त्याने ते बोट हुंगलं.

“ह्ये तर रोगण! मालक, तुमच्याच दुकानातनं नेतो की मी. माझ्या मोटेला ह्येच हाय.”

स्वामींनी मोटारीकडे पाहिलं, कडब्याकडे पाहिलं, आणि ते सरळ बैलगाडीत चढले.

सिद्धलिंगप्पा हळूच म्हणाला, “लाव ते झाकण. घरी बघू काय ते.”

म्हणजे खोली शाबूत होती. मकदूमने ते चिकट झाकण मालकाच्या तळहातावर ठेवलं.

“न्हाय मालक. आज वरचं न बघताच खालचं उघडलं.”

सिद्धलिंगप्पाला यातलं काही कळलं नाही. मकदूम बाळे गावाच्या दिशेने चालू लागला. जमीलाला काय सांगायचं, उद्यापासून कुठे राहायचं, यातलं त्याला काहीच सुचलेलं नव्हतं. सिद्धलिंगप्पा झाकण धरून उन्हात उभा होता, आणि सवयीने रस्त्यावरचं कुणी मोटार बघतंय का ते बघत होता.