चुलीखालची बारव

परंड्याच्या जुन्या पेठेत इरम्मा फुटाणे भाजून विकायची. तिचं पत्र्याचं घर कचऱ्याच्या भरावावर उभं होतं. टँकर आला की लेक शिवरंजनी शाळा बुडवून घागरी घेऊन पळायची. शेवटी तिची शाळा सुटलीच.

पुढं पेठ नव्यानं वसवायची ठरली. घरं हलवली आणि मशीननं भराव उपसायला घेतला. इरम्माच्या चुलीच्या जागी दगडी पायऱ्या लागल्या. खाली जुनी बारव होती, आणि तिच्यात पाणी होतं.

इरम्मा काठाशी येऊन वाकून पाहू लागली.

"आपुन ह्या पाण्यावर राहत होतो?" तिनं विचारलं.

"व्हय, आई," शिवरंजनी म्हणाली.

"आन् तू शाळा सोडून टँकरमागं पळत होतीस."

गाळ काढून झाल्यावर बारवेभोवती मातीच्या विटांची गार घरं उभी राहिली. छतांवरचं पावसाचं पाणी बारवेत सोडलं. इरम्माला पायऱ्यांसमोरचंच घर मिळालं. पहिल्या सकाळी तिनं दार उघडलं, पाणी पाहिलं आणि दार परत लावून घेतलं.

हल्ली ती दार उघडं ठेवते. शेजारणी पायऱ्यांवर बसून भाजी निवडतात, तिलाही बोलावतात. पण खाली उतरून त्या पाण्याला हात लावायला तिचं मन अजून धजत नाही.