न विकणारे काका

पहिल्याच भेटीत मी समोरच्या फ्लॅटमधल्या काकांना फुशारकीनं सांगितलं, की सोमवारी घेतलेले शेअर मी शुक्रवारी विकले आणि त्या नफ्यात घरात नवा मिक्सर आला. काकांनी हातातला फोन टेबलावर पालथा घातला. दुःखाच्या घरी गेल्यावर बसतात तसे जरा बसले आणि स्वयंपाकघराकडे वळून म्हणाले, "अगं, चहा कडक कर. यांनी विकलंय."

तुमच्या ओळखीतही गुंतवणूकवाले असतील. ते टिपा देतात. काकांनी कधी दिली नाही. तरुणपणी ते पुण्याहून इथं हैदराबादेत आले, पत्र्याच्या शेडमधल्या एका औषध कंपनीत नोकरीला लागले, पुढे तिचेच शेअर घेतले आणि त्याच वर्षी इथल्याच नारायणगुड्याच्या मराठी घरातली मुलगी केली. "आयुष्यात दोनच गोष्टी धरल्या," ते म्हणत. "दोन्ही सोडायच्या नाहीत."

"मला घेणार तरी कोण?" आतून काकू. "उगी कायकू मिरवता?"

बाजार कोसळला की फोन पालथा व्हायचा. "खाली जातं, वर येतं. घाई करायची नाही." मग चहा.

दिवाळीला संध्याकाळी तासभर मुहूर्ताचा शेअर बाजार उघडतो. तेव्हा आम्हा नवरा-बायकोला फराळाला बोलावणं असे. काकू फोनला कुंकू लावायच्या आणि त्या कंपनीचा एक शेअर स्वतःच्या बोटानं घ्यायच्या. दरवर्षी एकच. काका शेजारी बसून जावयासारखे लाजत.

मग काकूंच्या उपम्यात दोनदा मीठ पडू लागलं. त्या माझ्या बायकोला तेच तेच विचारू लागल्या. एकदा दूध आणायला म्हणून आमच्या कुकटपल्लीतून निघाल्या आणि दुपारी एका रिक्षावाल्यानं त्यांना घरी आणून सोडलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला नारायणगुड्यात, लहानपणीच्या शाळेच्या फाटकाशी बसल्या होत्या म्हणे.

"माहेरची ओढ," काका म्हणाले.

"काका, डॉक्टरांना दाखवा," माझी बायको म्हणाली.

"खाली जातं, वर येतं," काका म्हणाले. त्यांनी फोन पालथा घातला. त्या दिवशी बाजाराला सुट्टी होती.

त्या दिवाळीला काकूंनी फोनला कुंकू लावलं. थोड्या वेळानं पुन्हा लावलं. काका समई नीट करायला उठले. काकू म्हणाल्या, "मला येतं हो." मी चकली चावत बघत होतो. त्यांचं बोट विकायच्या लाल बटणावर गेलं. 'सगळे विकायचे का?' असं फोननं विचारलं, तेव्हा त्यांनी होकारही दाबला. मी "काकू, अहो" म्हणेपर्यंत इतक्या वर्षांचं सगळं विकून झालं होतं.

काका वाकून बघत राहिले. त्यांचा हात फोनकडे गेला, पण त्यांनी तो पालथा घातला नाही.

"आला ना एक?" काकूंनी विचारलं.

"आला," काका म्हणाले.

दाराशी मी हळूच म्हटलं, "बाजार उघडला की परत घेता येतील."

"नको," ते म्हणाले. "दोन धरल्या होत्या. आता एकच राहिली."

मग समोरच्या दाराला कुलूप दिसलं. काकूंचे पाय जिकडे वळतात तिकडेच राहायचं असं काकांनी ठरवलं होतं. नारायणगुड्यात, काकूंच्या माहेरच्या गल्लीत त्यांनी दोन खोल्या घेतल्या. डॉक्टरांनाही आता दाखवून झालं होतं.

आम्ही भेटायला गेलो. काकू खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी माझ्या बायकोला जवळ ओढलं आणि काकांकडे बोट केलं. "हे रोज येऊन बसतात. माणूस भला दिसतो. कोणाचे हो हे?"

काकांचा हात सवयीनं टेबलावर गेला. टेबलावर फोन नव्हता. "मी चहा टाकतो," म्हणून ते उठले. चहा फार गोड झाला होता. आम्ही तो पूर्ण प्यायलो.

परतताना बायको स्कूटरवर मागे बसली होती. सिग्नलला थांबल्यावर म्हणाली, "मी गॅस बंद केला होता ना?"

हे तिनं जातानाही विचारलं होतं. मी "हो" म्हटलं. सिग्नल सुटला. तिनं माझा शर्ट मागून घट्ट धरला आणि म्हणाली, "तुम्हाला तर शेअरसुद्धा आठवडाभर धरवत नाहीत."