प्रार्थनेतली नावाची जागा

काल आंथेल्मकाकांना माती दिली. आज चुलीवर कोबीचं सार ठेवून वही घेतली आहे. दोन दिवस थांबले तर मी त्यांना होते त्याहून भले करून लिहीन, आणि ते त्यांना मुळीच आवडलं नसतं.

आमच्या शांसेल गावाला आंथेल्म पेरोदँ दोन कामांना लागत. आठवडाभर ते वाईनची पिंपं बनवत आणि रविवारी चर्चमध्ये मिस्सेच्या उपासनेला गात. ओकच्या फळ्या जाळावर धरून वाकवायच्या, लोखंडी कडी ठोकून बसवायच्या, मग पिंपावर टिचकी मारून कान लावायचा. "हे कुरकुरतंय, मार्चपर्यंत गळेल," म्हणाले की गळायचंच. आमच्या यजमानांनी एकदा त्यांचं ऐकलं नाही. त्या वर्षीची अर्धी वाईन तळघराच्या मातीने प्यायली.

मिस्सा संपताना राज्य करणाऱ्यासाठी एक लॅटिन प्रार्थना असते. प्रभो, आमच्या अमक्याला सांभाळ, आम्ही हाक मारू त्या दिवशी आमचं ऐक. ती तीनदा गायची. चाल तीच, शब्द तेच, बदलतं ते फक्त नाव. काका विशीत असताना त्या जागी राजा लुईचं नाव होतं. मग राजाचं डोकं उडवलं, चर्चला कुलूप लागलं आणि आत गवताचे भारे रचले गेले. माझी पहिली लेक त्या काळातली, तिचा बाप्तिस्मा स्वयंपाकघरात झाला. चर्च उघडलं तेव्हा नावाच्या जागी प्रजासत्ताक होतं, पुढे सम्राट नेपोलियन आला.

सम्राटाबद्दल काय लिहावं हे मला अजून कळत नाही. सम्राट व्हायच्या आधीच सत्ता त्याच्या हाती होती, घंटा पुन्हा वाजली ती त्याच्यामुळे. त्या दिवशी मी इतकी रडले की शेजारच्या तिएनेतने मला तिचा रुमाल दिला आणि परत घेतला नाही. पुढे त्यानेच पोपमहाराजांना कैदेत टाकलं. एकाच माणसासाठी मी मेणबत्तीही लावली आणि त्या मेणबत्तीबद्दल पश्चात्तापही केला. फादर म्हणाले, "दोन्ही चालतं, रेन. हिशेब वर होतो."

काकांच्या मनात असला गोंधळ नव्हता. सम्राटाशी त्यांना घेणंदेणं नव्हतं. १८१२ साली मात्र त्यांचा एकुलता एक मुलगा फिलिबेर सैन्यात गेला. बावीस जानेवारीला, द्राक्षवाल्यांच्या संत व्हिन्सेंटच्या सणाला, त्याने मूर्ती खांद्यावर घेऊन गावातून मिरवली. वसंतात तो रशियाच्या वाटेला लागला. स्मोलेन्स्कहून एक पत्र आलं, पाय सुजलेत पण बूट चांगले आहेत असं. त्यानंतर काही नाही.

एकदा बादली दुरुस्तीला घेऊन गेले होते, तेव्हा काका म्हणाले, "पोरी, ती प्रार्थना आहे ना, ती मी सम्राटासाठी म्हणत नाही."

"मग कोणासाठी?"

"सम्राट पुढे चालतो, फिलिबेर मागे. पुढच्याला देवाने सांभाळलं तर मागचा कुठे जाईल?"

मी बादली पुढे केली. देवाशी असा आडवाटेने व्यवहार मीही करते.

मग सम्राट पडला. राजाचा भाऊ गादीवर आला, नाव त्याचंही लुईच, पांढरं निशाण लागलं. वर्षाच्या आत सम्राट परतला, तिरंगी लागलं. शंभर दिवसांनी पुन्हा पांढरं. काकांनी प्रत्येक वेळी फादरांनी सांगितलं ते नाव घातलं. तिएनेत विचारायची, "काय आंथेल्म, आज कोणाला सांभाळायचंय? देवाला तरी आधी कळवलंय का?" पण राजाचं नाव घेताना काकांचा आवाज सपाट लागायचा. मला ते कळायचं.

१८१६ साली एकवीस जानेवारीला गावाने मारल्या गेलेल्या राजाचं सुतक पाळलं. दुसऱ्याच दिवशी संत व्हिन्सेंटची मिस्सा. तीच मूर्ती, तशीच थंडी, खांद्यावर घेणारा दुसऱ्याच कोणाचा तरी मुलगा. काकांनी प्रार्थना सुरू केली. पहिल्यांदा राजा लुई. दुसऱ्यांदा राजा लुई. तिसऱ्यांदा त्यांची नजर मूर्तीकडे गेली आणि भरल्या, मोकळ्या आवाजात सम्राटाचं नाव बाहेर पडलं. गेल्या चार वर्षांत ते इतकं सुंदर गायले नव्हते.

पहिल्या बाकावर नवे मेयर द व्हारेनसाहेब बसले होते. राजाच्या बाजूचे, म्हणून वीस वर्षं परदेशात काढून परतलेले. त्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही, टोपी उचलली आणि निघून गेले.

सम्राटाचं नाव जाहीर घेणं म्हणजे राजाविरुद्ध घोषणा, आणि तिला तेव्हा तुरुंग होता. गुरुवारी मेयरसाहेबांनी पुढच्या बाकांवरच्या आम्हा बायकांना कचेरीत बोलावलं. काका भिंतीशी उभे होते. पहिली तिएनेत.

"तिसऱ्या वेळी कोणाचं नाव ऐकलं, बाई?"

"मी जपमाळ ओढत होते, साहेब. देवाशी बोलताना मी मध्ये दुसऱ्याचं ऐकत नाही."

"मग ऐकत कोण होतं?"

"संत व्हिन्सेंट. अगदी समोर होते. त्यांना बोलवा की!"

पाववाल्याची बायको म्हणाली, तिला लॅटिन येत नाही. मेयर म्हणाले, "नेपोलियन हे लॅटिन नाही." ती म्हणाली, "असं होय? मला इतकी वर्षं लॅटिनच वाटायचं."

मग माझी पाळी आली. समोर बायबल. हात ठेवला. खोटी शपथ घेणार नाही हे मला माहीत होतं. काकांनाही माहीत होतं.

"तिला विचारू नका," ते म्हणाले. "म्हटलं मी. सगळ्या गावाने ऐकलं. या बायका उगाच माझ्यासाठी नरकात जागा धरताहेत."

मेयर वाईट माणूस नव्हते. त्यांचाही एक भाऊ गेला होता, दुसऱ्या बाजूने लढताना. त्यांनी लेखणी दौतीत बुडवली. "तुमचा मुलगा रशियात होता ना? मी असं लिहितो, मुलगा मोहिमेत मेला, त्या दुःखाने बापाचं डोकं ताळ्यावर नाही. खाली सही करा आणि घरी जा. गाणंही चालू ठेवा."

काकांनी कागद हातात घेतला. मला वाटलं, सुटले.

"मेला, असं लिहिलंय इथे."

"चार वर्षं झाली, पेरोदँ."

"पत्रात बूट चांगले आहेत म्हणाला होता." कागद त्यांनी मेजावर ठेवला, कडेला नीट जुळवून. "तुम्ही मला तुरुंगात घाला, साहेब. मी माझ्या हाताने त्याला मारून घरी जाणार नाही."

बोन शहराच्या तुरुंगात त्यांनी तीन महिने काढले. परत आले तेव्हा गायला शाळामास्तर होते, नाकात गाणारे. काका शेवटच्या बाकावर बसू लागले. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी सगळे कबरस्तानात जात, तेव्हा ते दुकानात कडी ठोकत असत. घरात फिलिबेरची खुर्ची मेजाशी तशीच.

१८२१ च्या जुलैत वर्तमानपत्र आलं. दूर समुद्रातल्या बेटावर सम्राट वारला होता, मे महिन्यातच. गावात कोणी मोठ्याने बोललं नाही. पाववाल्याने दार लावून घेतलं, मेयरसाहेबांच्या घरीही जल्लोष नव्हता. मी वेदीवरची फुलं बदलत होते. काका आले ते थेट फादरांकडे. हातात टोपी, कातडी अंगरखा तसाच.

"फादर, मृताची मिस्सा हवी आहे."

फादर घाबरले. "आंथेल्म, त्याच्या नावाने मला नाही करता येणार. तुम्हाला पुन्हा आत टाकतील."

"त्याच्या नाही. तो गेला. आता पुढे कोणी चालत नाहीये." मग म्हणाले, "फिलिबेरच्या."

मिस्सा मंगळवारी ठेवली. आम्ही सात-आठ जण होतो. मास्तरांना शाळा होती, म्हणून फादरांनी काकांना पुढे बोलावलं. पाच वर्षांत न गायलेला आवाज सुरुवातीला खरखरला, मग लागला. पुढे फादर मृतासाठीची प्रार्थना म्हणू लागले. त्यातही नावाला एक जागा असते. तिथे येऊन फादर थांबले आणि त्यांनी काकांकडे पाहिलं.

काकांनी नाव घेतलं. अगदी एकदाच.

घरी जाताना त्यांनी मला आपल्या दारात थांबवलं आणि फिलिबेरची खुर्ची बाहेर आणून दिली. "एक पाय हलतोय, पाचर मारून देतो," म्हणाले आणि दिली मारून. आत्ता मी तिच्यावरच बसले आहे. सार उतू जायच्या बेतात आहे.