पाठमोरे उडीमास्तर

उडीमास्तरांचा चेहरा कुणाला ठाऊक नव्हता, पण त्यांची पाठ घरोघरी पोचली होती. मारधाडीच्या त्या गाजलेल्या मालिकेत नायक गच्चीवरून झेप घ्यायचा, पेटत्या गाडीतून बाहेर पडायचा. ते सगळं नायकाचा कोट घालून मास्तर करायचे. नायकाला साधा जिना चढतानाही धाप लागायची, हे मात्र बाहेर बोलायचं नाही. डुप्लिकेटच्या धंद्यात शिस्त एकच: कॅमेरा वळला की आपली मान वळलीच पाहिजे. मास्तरांच्या अंगात ती इतकी मुरली होती की लग्नाच्या फोटोतही त्यांचा एक कान तेवढा आलाय.

बायको मात्र दर वेळी पडद्याला बोट लावून सांगायची, "हेच ते!"

तिची मोठी बहीण खो खो हसायची. "अगं, नायक आहे तो. भाऊजी कुठे दिसतायत यात?"

मालिका संपली, मास्तरांचे गुडघे गेले. पुढे कधीतरी वाहिनीला जुन्याचा उमाळा आला आणि त्याच मालिकेवर टीव्हीसाठी चित्रपट निघू लागले. पहिल्यात उड्यांना एक तरणाबांड गडी आणला, दुसऱ्यात सगळं कॉम्प्युटरनेच उरकलं. दोन्ही वेळा मास्तर फोनकडे डोळे लावून बसले होते. तिसऱ्याच्या वेळी फोन आला. उडी नव्हतीच. पेट्रोल पंपावरच्या म्हाताऱ्याने नायकाकडे बघून हसायचं आणि म्हणायचं, "साहेब, गाडी अजून तीच?" चेहरा, वाक्य, सगळं स्वतःचं! बायकोने तिथल्या तिथे बहिणीला कळवून टाकलं.

मास्तर ते वाक्य आरशासमोर घोकून गेले. नायक गाडीतून उतरला, कॅमेरा सरकत जवळ आला आणि मास्तरांची मान आपसूक फिरली. वाक्य त्यांनी पंपाकडे तोंड करूनच म्हटलं.

"ओके! झकास!" दिग्दर्शक ओरडला. "पाठमोरा म्हातारा! काय सुचलं हो तुम्हाला!"

पुन्हा एकदा घेऊ या का, एवढंच विचारायचं होतं. पण असं विचारणाऱ्या डुप्लिकेटला पुढच्या कामाला कुणी बोलवत नाही, ही धास्ती जुनी. आता या वयात त्यांना बोलावणार तरी कोण होतं? तरीही जीभ उचलली नाही. तेवढ्यात नायक घाम पुसत निघून गेला आणि दिवे दुसरीकडे हलवले गेले.

मान फिरल्याचं मास्तरांनी घरी सांगितलं नाही. बाजूने थोडा तरी चेहरा आला असेल, अशी मनाची समजूत घालत राहिले.

चित्रपट लागला त्या दुपारी बहीण मुद्दाम आली. बायकोने टीव्हीची काच दोनदा पुसली. पेट्रोल पंप आला. खाकी सदरा, पांढरे केस, सुरकुतलेली मान, ते वाक्य. आणि गाडी निघूनही गेली.

"आवाज भाऊजींचा वाटला," बहीण म्हणाली. आज ती हसत नव्हती. "हेच ना गं ते?"

बायकोने मास्तरांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते.

"नाही गं," ती म्हणाली. "हा दुसराच कुणीतरी. ह्यांचं काम कापलेलं दिसतंय."

इतकी वर्षं पडद्यावरची प्रत्येक पाठ तिने आपली म्हटली होती. आज पहिल्यांदा ती नाही म्हणाली, आणि 'अगं, मीच तो' एवढं सांगायलाही मास्तरांना तोंड वर करता आलं नाही.