पाण्यावरची झोप

इसाकभाई गेल्याची बातमी पाटीलने फोनवर दिली, तेव्हा मी इथं कुवेतमध्ये अहमदीच्या ऑफिसात मीटिंगसाठी निघालो होतो. "काल दुपारी गेले. गावीच. दफनही झालं," एवढंच तो म्हणाला. मी म्हटलं, "अरे, पण झालं काय? रजेवर गेलेला धडधाकट माणूस…" पाटील म्हणाला, "रजेवर नव्हते गेले ते. पोटाचा कॅन्सर होता. डॉक्टरांनी हात टेकले होते." "आणि हे तुला माहीत होतं?" "हो." मी फोन ठेवला. खरं सांगतो, त्या क्षणी मला दुःख झालं नाही, राग आला. पंधरा वर्षं दर शुक्रवारी एका होडीत बसणारे आम्ही तिघं. त्यातल्या दोघांना ठाऊक असलेली एवढी मोठी गोष्ट तिसऱ्यापासून लपवायची? मी काय परका होतो? पुढे कित्येक आठवडे हा एकच प्रश्न माझ्या मनातून हलत नव्हता.

इसाकभाई दापोलीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. सालमियात आमच्याच इमारतीत एका खोलीत राहायचे. एका कुवेती मालकाच्या सहलीच्या होड्या ते सांभाळत, आणि दुरुस्त केलेलं इंजिन शुक्रवारी सकाळी पाण्यात चालवून बघायची त्यांना मुभा होती. ही चाचणी चांगली तीन तास चाले. तिच्यासाठी चहाचा थर्मास, तांदळाची भाकरी, तळलेला मासा आणि आम्ही दोघं लागतो, हे मालकालाही कळून चुकलं असावं. पाटील सोलापूरचा, जहऱ्याला गोदामात कामाला. गुरुवारी संध्याकाळीच तो इसाकभाईंच्या खोलीवर मुक्कामाला येई. आणि मी नाशिकचा, गोदावरीत घोट्याच्या वर कधी न भिजलेला. होडीत पाय ठेवायच्या आधी लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे आवळून घ्यायचो आणि परत धक्क्याला लागेपर्यंत सोडायचो नाही. "इंजिनियर, आंघोळीलापन ह्येच घालतोस काय?" इसाकभाई दर शुक्रवारी विचारायचे, आणि पाटील दर शुक्रवारी हसायचा.

किनारा मागे पडला की ते इंजिन बंद करत. सुरुवातीला मला वाटायचं, बिघडलं. मी घड्याळ बघायचो, किनारा किती लांब आहे याचा अंदाज घ्यायचो, पेट्रोल किती उरलंय ते विचारायचो. ते म्हणायचे, "व्हाऊ दे रे. आठवडाभर सगलं तूच चालवतोस ना? आता दर्याला चालवू दे." मग होडी आपली आपण सरकत राही. थंडीच्या दिवसांत पाण्यावर पातळ धुकं असे, आणि सालमियाच्या उंच इमारती त्यात अर्ध्या विरघळलेल्या दिसत, जणू आपण तिथं राहतच नाही, कधीतरी राहिलो होतो. पाणी इतकं नितळ की तळाच्या वाळूवर आमच्या होडीची सावली आमच्याबरोबर चाले. कुणी फारसं बोलत नसे. पाटील गळ टाकून बसे, इसाकभाई भाकरीचा तुकडा मोडत हळू आवाजात गावच्या खाडीचं सांगत… भरतीला पाणी अंगणाच्या गडग्यापर्यंत कसं येतं, आजोबा वाऱ्याच्या वासावरून दिशा कशी सांगत. मी शाकाहारी, माझा डबा दडप्या पोह्यांचा. ते मात्र मला मासळीचं ज्ञान देत राहत. "जुबैदी जुबैदी करतात, तो आपला सरंगाच. अरबी नाव घेतलं म्हनून चव बदलते काय?" साडेदहाच्या सुमारास मात्र इंजिन सुरू होई. जुम्म्याची नमाज त्यांनी कधी चुकवली नाही.

त्यांच्यासोबतचा शेवटचा शुक्रवार थंडी सरताना आला. आदल्या दिवशी ते मुद्दाम माझ्या दारात आले आणि म्हणाले, "उद्या ये हां, नक्की ये." मी म्हटलं, "न यायला काय झालंय? नेहमी येतोच की." त्या आठवड्यात आमच्या प्लांटचं शटडाउन होतं, मी चार रात्री धड झोपलो नव्हतो. इंजिन बंद झालं, होडी हलकेच डुलायला लागली. ऊन कोवळं होतं. पट्टे काचत होते म्हणून मी पंधरा वर्षांत पहिल्यांदा ते जॅकेट काढलं, उशाला घेतलं आणि म्हटलं, पाच मिनिटं डोळे मिटू. पाणी फळीला लागून चुळचुळ करत होतं. मध्ये कधीतरी इसाकभाईंचं बोलणं ऐकू आलं, पण लांबून, भिंतीपलीकडून यावं तसं. जागा झालो तेव्हा माझ्या तोंडावर सावली होती. त्यांनी खांद्यावरचा रुमाल दोन्ही हातांत ताणून धरला होता. मी घड्याळ पाहिलं तर सव्वाअकरा! आणि मी काय करावं? त्यांच्यावरच चिडलो. "अहो, उठवायचं नाही का? तुमची नमाज चुकेल!" ते हसले. "पोचतो रे," म्हणाले आणि इंजिन सुरू केलं. चौथ्या दिवशी ते गावी गेले. घराचं काम काढलंय, असं मला सांगून गेले.

बातमीनंतर मी पाटीलशी बोलणं टाकलं. त्याचे फोन घेतले नाहीत. गेल्या शुक्रवारी सकाळी तोच माझ्या दारात उभा राहिला. "शिव्या घाला," म्हणाला, "पण चला." आम्ही धक्क्यावर जाऊन बसलो. ऊन आता तापायला लागलंय, पाण्यावर नुसती चकाकी होती. मी विचारलं, "तुला सांगितलं, मला का नाही?"

"मला सांगितलं कुठं? त्यांच्या खोलीवर उलटीत रक्त पडलं, तेव्हा दवाखान्यात मीच नेलं होतं," पाटील म्हणाला. "तुम्हाला ते स्वतः सांगणार होते. त्या शुक्रवारी. म्हणून तर नक्की ये म्हणाले. होडीत मला म्हणाले, तू गळ टाकून तिकडं तोंड करून बस, मी इंजिनियरशी बोलतो. मी बसलो. वळून बघतोय तर तुम्ही घोरायला लागलेले."

मी त्याच्याकडे वळलो.

"मी म्हटलं, उठवू का? तर म्हणाले, 'नको रे. इतक्या वर्सांत पयल्यांदा पान्यावर झोपलाय. झोपू दे त्याला.' दीड तास तो रुमाल धरून बसले. मी धरतो म्हटलं, तर दिला नाही. परत येताना मला म्हणाले, गावाहून फोन करून सांगेन. तिथं गेल्यावर त्यांचा आवाजच बसला."

इतके दिवस मी त्या माणसावर रुसून बसलो होतो. तो रुसवाही बरा होता, असं आता वाटतं. मी धक्क्यावर बसून ओक्साबोक्शी रडलो, आणि पाटील शेजारी नुसता बसून राहिला.

आज पुन्हा शुक्रवार. होडी आता दुसरं कुणी चालवतं, आम्हाला तीत जागा नाही, मागायचीही नाही. पहाटे एकटाच चालत आलोय. पाणी दगडांना लागून चुळचुळतंय, इमारती नेहमीसारख्या उजेडात विरघळल्यात. मी पाय खाली सोडून बसलोय… इसाकभाई, डोळे मिटलेत माझे, पण मी जागा आहे. सांगा.